भौतिकी व व्यवसायप्रधान चिकित्सा साहाय्यक

दुखापत, शस्त्रक्रिया, पक्षाघात, संधिविकार, जन्मजात व्यंग किंवा दीर्घ आजार यांमुळे हालचालीची वा दैनंदिन कामे करण्याची क्षमता कमी झालेल्या रुग्णावर, अर्हताप्राप्त चिकित्सकाने आखून दिलेल्या योजनेनुसार व त्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी. ‘फिजिओथेरपी’ या नावाने परिचित असलेल्या भौतिकी चिकित्सेत व्यायाम, मर्दन, उष्णता, थंडावा, पाणी, विद्युत् प्रवाह इ. साधनांनी स्नायू व सांधे यांचे कार्य सुधारण्यावर भर असतो. ‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणजे व्यवसायप्रधान चिकित्सा. तीत जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, स्वयंपाक करणे, हस्तव्यवसाय अशा कामांच्या द्वारा रुग्णाला स्वावलंबी बनविण्याचा प्रयत्न केला जातो. ‘व्यवसाय’ हा शब्द येथे केवळ उपजीविकेच्या अर्थाने योजिलेला नाही. माणसाचा दिवस ज्या कृतींनी भरलेला असतो, त्या सर्व कृती त्यात अंतर्भूत होतात.

साहाय्यकाचे स्वतंत्र व शिक्षणाने निश्चित केलेले पद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले आणि त्याचा सर्वाधिक विकासही तेथेच झाला. या पदाच्या इतिहासात एक प्रश्न सातत्याने पुढे येतो : रुग्णाची तपासणी करून उपचार ठरविणारा आणि ते उपचार रुग्णाजवळ राहून दिवसेंदिवस पार पाडणारा, या दोघांमधील सीमारेषा कोठे असावी ? आज ज्यांना चिकित्सक म्हटले जाते, ते दोन्ही वर्ग आरंभी स्वतःच वैद्यांचे साहाय्यक होते. त्यांनी स्वतंत्र स्थान मिळविल्यावर त्यांना स्वतःच्या साहाय्यकांची गरज भासली व तोच प्रश्न एका पायरीने खाली सरकला.

पूर्वपीठिका : मर्दन, स्नान व व्यायाम यांचा उपचारार्थ उपयोग भारत, चीन, ग्रीस व रोम येथे प्राचीन काळापासून प्रचलित होता. आधुनिक काळात स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन करून उपचारात्मक व्यायामाला पद्धतशीर रूप दिले. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून या कामाची प्रतिष्ठा जपणे, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. त्यासाठी परीक्षा घेणे व वैद्याच्या सूचनेवाचून उपचार न करणे, असे नियम तिने स्वीकारले. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली. ब्रिटनमधील आजची भौतिकी चिकित्सकांची सनदी संस्था तिच्यातूनच विकसित झाली. वैद्याची आज्ञा पाळण्याच्या बदल्यात प्रतिष्ठा, हा पुढे अनेक देशांत दिसून येणारा व्यवहार येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

व्यवसायप्रधान चिकित्सेचे मूळ मनोरुग्णांच्या शुश्रूषेत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिलिप पीनेल यांनी आणि १७९६ मध्ये उघडलेल्या यॉर्क येथील आश्रमात विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांना साखळदंडांऐवजी सौम्य वागणूक व नियमित काम देण्याचा पुरस्कार केला. एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णालयांतील गर्दी वाढत गेली, तशी ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत तिचे पुनरुज्जीवन झाले. सूझन ट्रेसी या परिचारिकेने १९०६ पासून बॉस्टन येथील एका रुग्णालयात परिचारिकांना हे शिक्षण दिले. १९१० साली प्रसिद्ध झालेला तिचा ग्रंथ परिचारिका व रुग्णसेवक यांच्यासाठी लिहिलेला होता. शिकागो येथे १९०८ मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रमही मनोरुग्णालयांतील सेवकवर्गासाठी होता; या व्यवसायाच्या पुढील काळातील अग्रणी एलिनॉर क्लार्क स्लॅगल यांनी १९११ मध्ये तो पूर्ण केला. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे व्यवसायप्रधान चिकित्सेच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत स्लॅगल, मनोविकारतज्ञ विल्यम रश डंटन आणि स्वतः क्षय व अंग लुळे पडणे यांचा अनुभव घेतलेले वास्तुविशारद जॉर्ज बार्टन यांचा समावेश होता. अशा प्रकारे या चिकित्सेचे पहिले विद्यार्थी बहुतांशी सेवक व परिचारिका होते.

पुनर्रचना साहाय्यिका : अमेरिका पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ मध्ये उतरली. तत्पूर्वी एकच वर्ष, १९१६ साली, त्या देशात बालपक्षाघाताची (पोलिओची) मोठी साथ येऊन गेली होती. सुमारे २७,००० व्यक्तींना तिची बाधा झाली व त्यांपैकी सुमारे ६,००० मृत्युमुखी पडल्या. दुर्बल स्नायूंना पुन्हा कामास लावण्याचे तंत्र जाणणाऱ्या स्त्रियांचा एक छोटा वर्ग या साथीमुळे तयार झाला होता. युद्धातून अपंग होऊन परतणाऱ्या सैनिकांसाठी सेनेच्या वैद्यकीय विभागाने शारीरिक पुनर्रचनेची एक शाखा उघडली आणि तीत ‘पुनर्रचना साहाय्यिका’ म्हणून स्त्रियांची भरती सुरू केली. या साहाय्यिकांचे दोन वर्ग होते : एक मर्दन, व्यायाम, जल व विद्युत् उपचार करणाऱ्यांचा आणि दुसरा विणकाम, टोपल्या विणणे, सुतारकाम, धातुकाम इत्यादींच्या द्वारा उपचार करणाऱ्यांचा. आजचे दोन्ही व्यवसाय या दोन वर्गांतूनच उगम पावले आहेत.

पहिल्या वर्गात मेरी मॅकमिलन (१८८०–१९५९) यांचे नाव अग्रगण्य आहे. मॅसॅचूसेट्समध्ये जन्मलेल्या मॅकमिलन यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे झाले आणि तेथील प्रख्यात अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९१८ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड सैनिकी रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथील रीड महाविद्यालयात त्यांनी साहाय्यिकांच्या एका मोठ्या तुकडीस शिक्षण दिले. दुसऱ्या वर्गातील काही साहाय्यिका फ्रान्समधील ला फोश येथे, युद्धजन्य मानसिक आघाताने जर्जर झालेल्या सैनिकांसाठी असलेल्या रुग्णालयात गेल्या. तोफांच्या भडिमाराने हात कापू लागलेल्या सैनिकाच्या हाती लाकूड व हत्यार देण्याचा उपयोग काय, अशी शंका आरंभी अधिकाऱ्यांना होती. कामाचे परिणाम दिसू लागल्यावर अशा साहाय्यिकांची मागणी वाढली.

पुनर्रचना साहाय्यिकांना सैनिकी हुद्दा नव्हता. त्या नागरी कर्मचारी होत्या आणि प्रत्येक उपचारासाठी वैद्याच्या लेखी आज्ञेवर अवलंबून होत्या. रुग्णाच्या सहवासात त्यांचा वेळ सर्वाधिक जाई, तर निर्णयात त्यांचा वाटा सर्वांत कमी असे. पुढील अर्धशतकात त्यांनी प्रथम आपले शिक्षण व नंतर आपला अधिकार वाढविला.

साहाय्यिकेकडून चिकित्सकाकडे : जानेवारी १९२१ मध्ये न्यूयॉर्क शहरात तीस स्त्रियांनी एकत्र येऊन भौतिकी चिकित्सकांची पहिली अमेरिकन संघटना स्थापन केली, मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मर्दन व उपचारात्मक व्यायाम या विषयांवरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तथापि १९३० नंतरच्या दशकात वैद्यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या नोंदणीपटात या स्त्रियांना ‘तंत्रज्ञ’ असेच संबोधण्यात आले, कारण ‘चिकित्सक’ ही संज्ञा वैद्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. संघटनेनेही निदान करणे व उपचारांचे स्वरूप ठरविणे ही वैद्यांची कक्षा असल्याचे मान्य केले. त्या मोबदल्यात तिला अभ्यासक्रमांची वैद्यकमान्य तपासणी व रुग्णालयांत निश्चित स्थान मिळाले.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. अमेरिकेच्या सेनेतील भौतिकी चिकित्सकांना १९४२ च्या कायद्याने सापेक्ष दर्जाचा आणि १९४४ मध्ये पूर्ण अधिकाराचा हुद्दा मिळाला. प्रतिजैविक औषधांमुळे पूर्वी दगावले असते असे मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण जगू लागले व त्यांना दीर्घकाळ उपचारांची गरज निर्माण झाली. पुढे नेब्रास्का राज्याने १९५७ मध्ये वैद्याच्या चिठ्ठीवाचून भौतिकी चिकित्सकाकडे जाण्यास कायद्याने वाट मोकळी केली. २०१५ पर्यंत अशी मुभा, कमीअधिक मर्यादांसह, पन्नासही राज्यांत मिळाली. या काळात शिक्षणाची पातळीही उंचावत गेली. युद्धकाळात काही महिन्यांचा असलेला अभ्यासक्रम प्रथम पदवीचा, नंतर पदव्युत्तर पदवीचा व अखेरीस व्यावसायिक डॉक्टरेटचा झाला. चिकित्सकाचे शिक्षण जसजसे दीर्घ व खर्चिक झाले, तसतसे त्याला प्रत्येक रुग्णाजवळ तासन्‌तास घालविणे अशक्य झाले. साहाय्यकाच्या पदाची आवश्यकता या परिस्थितीतून निर्माण झाली.

साहाय्यकपदाची निर्मिती : दुसऱ्या महायुद्धानंतर मागणी अनेक बाजूंनी वाढली. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने संघराज्याच्या साहाय्याने नवी रुग्णालये उभी राहू लागली. १९५२ साली अमेरिकेत बालपक्षाघाताच्या सुमारे ५८,००० रुग्णांची नोंद झाली. एकेका मुलाच्या दुर्बल स्नायूंना रोज शेक देणे, ताणणे व हळूहळू काम शिकविणे यासाठी कित्येक महिने लागत. या रोगावरील साल्क यांची लस १९५५ मध्ये उपलब्ध झाली, तरी आधी बाधित झालेल्यांची गरज संपली नव्हती. मनोरुग्णालयांत तर अर्हताप्राप्त व्यवसाय-चिकित्सकांचा इतका तुटवडा होता की, हस्तव्यवसायाचे वर्ग बहुधा अनुभवी पण औपचारिक शिक्षण नसलेले सेवकच चालवीत.

या वस्तुस्थितीची दखल प्रथम व्यवसाय-चिकित्सकांच्या संघटनेने घेतली. १९५८ मध्ये तिने प्रमाणित साहाय्यकांची योजना संमत केली. आधीपासून काम करीत असलेल्या अनुभवी सेवकांना ठराविक मुदतीत प्रमाणपत्र मिळविण्याची सवलत तीत होती. आरंभीचे अभ्यासक्रम मॅसॅचूसेट्ससारख्या राज्यांच्या मनोरुग्णालयांशी संलग्न व अल्पमुदतीचे होते. सर्वसाधारण रुग्णालयांतील कामाचा समावेश त्यांत नंतर झाला आणि १९६० नंतरच्या दशकात हे शिक्षण द्विवर्षीय महाविद्यालयांकडे गेले. १९७७ पासून साहाय्यकांसाठी राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणन परीक्षा घेतली जाऊ लागली.

भौतिकी चिकित्सकांची संघटना या बाबतीत अधिक सावध होती. दीर्घ प्रयत्नांनी मिळविलेले स्थान अल्पशिक्षित व अल्पवेतनी कर्मचाऱ्यांमुळे धोक्यात येईल, अशी अनेकांना भीती वाटत होती. याउलट, संघटनेने स्वतः साहाय्यकाची व्याख्या केली नाही तर रुग्णालये व वैद्य ती आपल्या सोयीनुसार करतील, असा दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद होता. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची ‘मेडिकेअर’ व निर्धनांसाठीची ‘मेडिकेड’ या शासकीय आरोग्यविमा योजना १९६५ मध्ये संमत झाल्यावर मागणी एकाएकी वाढली आणि दुसरा पक्ष प्रभावी ठरला. संघटनेच्या प्रतिनिधिसभेने १९६७ मध्ये भौतिकी चिकित्सा साहाय्यकाचे शिक्षण व त्याची कार्यकक्षा यांविषयीचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी फ्लॉरिडातील मायॅमी-डेड महाविद्यालय व मिनीॲपोलिस येथील सेंट मेरी महाविद्यालय यांत पहिले अभ्यासक्रम सुरू झाले. १९६९ मध्ये त्यांतून पहिले पंधरा साहाय्यक बाहेर पडले. संघटनेचे संलग्न सदस्यत्व मात्र त्यांना १९७३ मध्ये मिळाले. ज्या संस्थेच्या नियमांनी आपले काम बांधलेले आहे, तीत आपले मत किती मोजले जावे, हा वाद त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

अपंग मुलांच्या शिक्षणासंबंधीच्या १९७५ च्या कायद्याने शाळांत चिकित्सेची तरतूद झाली आणि साहाय्यकांना रुग्णालयाबाहेरचे मोठे क्षेत्र मिळाले. आज अमेरिकेत सुमारे एक लाख भौतिकी चिकित्सा साहाय्यक आणि चाळीस हजारांहून अधिक व्यवसायप्रधान चिकित्सा साहाय्यक रुग्णालये, शुश्रूषागृहे, शाळा व रुग्णांची घरे अशा ठिकाणी काम करतात. सामान्यतः दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, त्यातील प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना या त्यांच्या अर्हतेच्या पायऱ्या होत. साहाय्यक व मदतनीस यांत भेद केला जातो. खोली व साधने तयार ठेवणे, रुग्णाला ने-आण करणे अशी कामे करणारा मदतनीस कामावरच शिकतो व त्याला परवाना लागत नाही.

कामाचे स्वरूप : या कामाची कल्पना पक्षाघाताच्या रुग्णाच्या उदाहरणावरून येऊ शकेल. चिकित्सक रुग्णाची तपासणी करून कोणत्या स्नायूंत किती बळ आहे, तोल कितपत सांभाळला जातो व कोणते ध्येय किती आठवड्यांत गाठणे शक्य आहे, हे ठरवितो. त्यानंतर भौतिकी चिकित्सा साहाय्यक रुग्णाला प्रथम बिछान्यात कुशीवर वळणे, मग पलंगाच्या कडेला बसणे, पुढे समांतर दांड्यांच्या आधाराने उभे राहणे व अखेरीस काठी घेऊन चालणे, असे क्रमाने शिकवितो. रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर त्याचा एक हात सतत असतो. व्यवसायप्रधान चिकित्सा साहाय्यक याच रुग्णाला एका हाताने गुंड्या लावणे, जाड मुठीचा चमचा धरणे, सदरा घालताना दुर्बल हात आधी व काढताना शेवटी बाहीतून काढणे, अशा युक्ती शिकवितो. स्वयंपाकघरातील वस्तू हाताशी येतील अशा ठेवणे, न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी बसविणे यांविषयीही तो घरच्या मंडळींना मार्गदर्शन करतो.

आखलेली योजना पार पाडताना साहाय्यकाला सतत निरीक्षण करावे लागते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांधा किती अंश वाकतो, हे तो कोनमापकाने मोजून नोंदवितो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा रुग्णाला धाप लागली, तर नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घेऊन व्यायाम थांबविणे व तत्काळ कळविणे त्याचे कर्तव्य ठरते. योजनेच्या चौकटीत व्यायामाची तीव्रता कमी करण्याची मुभा त्याला असते, परंतु नवे ध्येय ठरविणे त्याच्या अधिकारात येत नाही. पहिले मूल्यमापन, उपचारयोजना आखणे, तीत मूलभूत बदल करणे व उपचार संपविण्याचा निर्णय घेणे या गोष्टी चिकित्सकाकडेच राहतात. प्रत्यक्षात रुग्णातील लहानसहान बदल साहाय्यकाच्याच ध्यानात प्रथम येतात. म्हणून तो दररोज लिहीत असलेल्या नोंदी व चिकित्सकाशी होणारा त्याचा संवाद यांवर उपचारांची सुरक्षितता बऱ्याच अंशी अवलंबून असते. हे काम शारीरिक दृष्ट्या कष्टाचे असून रुग्णाला उचलताना व सावरताना पाठीला दुखापत होण्याचा धोका त्यात असतो.

मोबदला व देखरेख : साहाय्यकाने दिलेल्या उपचाराचे मोल चिकित्सकाच्या उपचाराइतके मानावे की नाही, हा प्रश्न विमायोजनांमुळे तीव्र झाला. १९९७ च्या अर्थसंकल्पविषयक कायद्याने ‘मेडिकेअर’मधील चिकित्सेच्या खर्चावर प्रतिवर्षी १,५०० डॉलरांची मर्यादा घातली व शुश्रूषागृहांना खर्चाची भरपाई देण्याची पद्धत बदलली, परिणामी शतकाच्या अखेरीस अनेक साहाय्यकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. २०१८ च्या कायद्याने ही मर्यादा रद्द केली, पण साहाय्यकांनी पूर्णतः वा अंशतः दिलेल्या बाह्यरुग्ण सेवेसाठी ठरलेल्या दराच्या केवळ ८५ टक्के रक्कम देण्याचे ठरविले. १ जानेवारी २०२२ पासून हा नियम अंमलात आला. खर्चात बचत हे त्याचे समर्थन होते. साहाय्यकांवर अधिक विसंबून असलेल्या ग्रामीण व निर्धन भागांतील केंद्रांनाच त्याची झळ लागेल, असा व्यावसायिक संघटनांचा आक्षेप होता. देखरेखीच्या बाबतीत मात्र उलट दिशेने बदल झाला. खाजगी चिकित्सालयांत साहाय्यक काम करीत असताना चिकित्सकाने त्याच जागी उपस्थित असण्याची ‘मेडिकेअर’ची अट २०२५ च्या आरंभापासून शिथिल झाली व दूरध्वनीसारख्या साधनाने उपलब्ध असणे पुरेसे मानले गेले. अशा रीतीने साहाय्यकाची जबाबदारी वाढली, परंतु त्याच्या कामाचा दर घटला.

भारत : भारतात या दोन्ही चिकित्सांची औपचारिक सुरुवात मुंबईत झाली. आपल्या मुलीला झालेल्या बालपक्षाघाताचा अनुभव घेतलेल्या फातिमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या व विवाहानंतर महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी फिलाडेल्फिया येथे व्यवसायप्रधान चिकित्सेचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या विषयाचे विद्यालय स्थापन केले. आशियातील ते अशा प्रकारचे पहिले विद्यालय होय. अखिल भारतीय व्यवसाय-चिकित्सक संघटना १९५२ मध्ये अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. के. ई. एम. रुग्णालयातच १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने भौतिकी चिकित्सेचे विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईत हाजी अली येथे शारीरिक वैद्यक व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

भारतातील शिक्षणाचा भर आरंभापासून चिकित्सक तयार करण्यावर राहिला. अमेरिकेप्रमाणे साहाय्यकांचा स्वतंत्र व सर्वत्र मान्य असा वर्ग येथे रूढ झाला नाही. साहाय्यकाचे काम मात्र कोणाला तरी करावे लागतच होते. रुग्णालयांत ते आया, वॉर्डबॉय व शिकाऊ विद्यार्थी यांनी, तर घरी रुग्णाची आई, पत्नी, सून किंवा मालिश करणारा यांनी केले. आठवड्यातून एकदा लांबच्या गावाहून रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत चिकित्सक व्यायाम दाखवितो व पुढील सहा दिवस ते करवून घेण्याचा भार घरच्या माणसावर पडतो. या माणसाला पुरेसे शिकविले गेले की नाही, यावर उपचारांचे फलित ठरते.

याला एक महत्त्वाचा अपवाद कुष्ठरोगाच्या क्षेत्रात आढळतो. १९४६ मध्ये वेल्लोर येथे आलेले इंग्रज शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगामुळे वाकड्या झालेल्या बोटांवर कंडरा स्थलांतरित करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेने कंडरेची जागा बदलली, तरी तिच्याशी जोडलेल्या स्नायूला नवे काम शिकविण्यास अनेक आठवड्यांचा सराव लागतो. तो झाला नाही, तर शस्त्रक्रिया व्यर्थ जाते. संवेदना नाहीशी झालेल्या तळव्यांना रोज भिजविणे, तेल लावणे, भाजल्या-कापल्याच्या खुणा शोधणे हेही शिकवावे लागते. या कामासाठी वेल्लोरजवळील करिगिरी येथील केंद्रात व इतरत्र भौतिकी चिकित्सा तंत्रज्ञ प्रशिक्षित करण्यात आले. देशातील अनेक कुष्ठरोग-रुग्णालयांत त्यांनी सेवा बजावली. चिकित्सक दुर्मिळ असलेल्या क्षेत्रात मर्यादित पण नेमके शिक्षण मिळालेला कर्मचारी किती उपयुक्त ठरतो, याचा पुरावा त्यांच्या कामातून मिळाला.

१९७८ च्या आल्मा-आता परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधिष्ठित पुनर्वसनाचा पुरस्कार केला व १९८९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. गावातीलच कार्यकर्त्याने कुटुंबातील एखाद्या व्यक्तीला शिकवावे व तिने घरच्या अपंग माणसाकडून सराव करून घ्यावा, ही तिच्यातील मध्यवर्ती कल्पना होती. भारतात स्वयंसेवी संस्थांनी तिचा अनेक ठिकाणी अवलंब केला. संसाधने तुटपुंजी असताना हा मार्ग परिणामकारक ठरतो. परंतु वेतनाविना काम करणाऱ्या स्त्रियांवर त्याचा भार पडतो, अशी टीकाही त्यावर झाली आहे.

कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेसंबंधीचा २००२ चा अधिनियम चिकित्सकांच्या नोंदणीचा पाया ठरला. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात दोन वर्ग कल्पिलेले आहेत. स्वतः सल्ला देणाऱ्या, देखरेख करणाऱ्या व चिकित्सा करणाऱ्या व्यावसायिकाला किमान ३,६०० तासांचे पदवीशिक्षण आवश्यक मानले आहे. इतरांनी सुचविलेली उपचारयोजना अंमलात आणण्यास साहाय्य करणाऱ्या सहयोगी वा तंत्रज्ञास किमान २,००० तासांची पदविका अथवा पदवी आवश्यक आहे. १९५८ व १९६७ मध्ये अमेरिकेतील संघटनांनी आखलेली सीमारेषा अशा प्रकारे वेगळ्या शब्दांत भारतीय कायद्यातही उमटली आहे.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला व २०१४ मध्ये देश या रोगापासून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. ज्या रोगामुळे ही चिकित्सा येथे रुजली तो मागे पडला, परंतु रस्त्यावरील अपघात, पक्षाघात, मधुमेहामुळे होणारे अवयवच्छेदन, मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांमधील मेंदूचे विकार आणि वार्धक्य यांमुळे तिची गरज वाढली आहे. या सर्व अवस्थांत एकदाच केलेल्या तपासणीपेक्षा शेकडो वेळा करवून घेतलेल्या लहान हालचालींवर सुधारणा अवलंबून असते. त्या करवून घेणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, वेतन व अधिकार निश्चित करणे हा पुनर्वसनसेवेच्या व्यवस्थेतील एक प्रमुख प्रश्न असून, ज्या देशांत तो अनिर्णित राहिला आहे तेथे त्याचा भार मुख्यतः कुटुंबावर पडतो.